लावली त्यानेच काढावी

भिलाई हे पोलादाचे गाव. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुर्गच्या शेजारी एक नवे नगर उभे राहिले. कामासाठी देशभरातून माणसे आली. नागपूर, भंडारा, गोंदियाकडची कितीतरी मराठी कुटुंबे मुंबई-हावडा लोहमार्गाने इथे आली आणि इथलीच झाली. ही बोधकथा अशाच एका घरातल्या आजोबांची, एका मुकादमाची आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका पाटीची आहे.

आजोबांचा जन्म भंडाऱ्याकडचा, पण सारी नोकरी भिलाईच्या कारखान्यात झाली. रेल मिलमध्ये ते इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीनंतर रिसालीत त्यांनी लहानसे घर बांधले. रोज सकाळी नातीला शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, कोपऱ्यावरच्या टपरीत चहा घ्यायचा आणि पायी परत यायचे, असा त्यांचा नेम होता.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या रस्त्याखालची पाण्याची वाहिनी फुटली. ठेकेदाराने मुकादम पाठवला. मुकादम गोंदियाकडचा, कामाला चांगला, बोलायला गोड. त्याच्याबरोबर चार कुली आणि तीन रेजा, म्हणजे मजूर बायका, होत्या. त्यांनी रस्ता खोदला, पंप लावून पाणी उपसले, मातीचा ढीग कडेला घातला. खड्ड्याच्या बरीच अलीकडे मुकादमाने एक पाटी उभी केली. लाल किनारीच्या त्रिकोणात फावडे घेतलेला माणूस आणि खाली हिंदीतली ओळ : ‘सावधान, आगे कार्य प्रगति पर है।’

त्या दिवसांत पाटीने आपले काम चोख केले. कारखान्यातून पाळी संपवून येणारे मोटारसायकलवाले पाटी दिसताच वेग कमी करत. ऑटोवाले बाजूने जात. शाळेच्या बसचा चालक तर बस जवळजवळ थांबवूनच पुढे काढी. खड्ड्यात कमरेएवढा उतरलेला कुली आणि डोक्यावर घमेले घेतलेली रेजा त्या पाटीच्या भरवशावर रस्त्याकडे पाठ करून काम करत होती.

काम संपले. खड्डा बुजला, माती दाबली गेली. संध्याकाळी मुकादमाने फावडी मोजली, घमेली मोजली, पहारी मोजल्या आणि गाडीत भरल्या. पंप चढवला. पाटी तेवढी राहिली. एक कुली ती उचलायला गेला, तेव्हा मुकादम म्हणाला, “राहू दे. गाडीत जागा नाही. अन् डांबर टाकायला परत यायचंच आहे.”

डांबराचे काम दुसऱ्याच कुणाला मिळाले. त्या माणसांनी एका दुपारी येऊन डांबर टाकले आणि ते निघून गेले. पाटी त्यांची नव्हती, म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. रस्ता गुळगुळीत झाला आणि कडेला पाटी सांगत राहिली की पुढे काम सुरू आहे.

पहिले काही दिवस लोक पाटी पाहून वेग कमी करत, पुढे बघत आणि काहीच नाही असे पाहून निघून जात. मग ते नुसती मान वळवून बघू लागले. मग मानही वळेनाशी झाली. कुणी पाटीवर शिकवणीची जाहिरात चिकटवली. कुणी तिच्या पायाला सायकल बांधू लागले. शाळेच्या बसचा चालक, जो एवढा जपून जायचा, तोही आता त्याच वेगाने बस नेऊ लागला. त्यात त्याचा दोष नव्हता. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवरच माणूस विश्वास ठेवतो, आणि त्याच्या डोळ्यांना रोज रिकामा रस्ता दिसत होता.

एका सकाळी मुकादम जवळच्या दुसऱ्या कामावर जाताना टपरीवर थांबला. आजोबांनी त्याला बाकावर बसवले, चहा सांगितला आणि विचारले, “बाबू, ती पाटी तुझीच नं?”

“माझीच, काकाजी.”

“काम तर कधीच संपलं.”

“संपलं. पण पाटीनं कुणाचं काय बिघडते? लोकं हळू गेली तर बरंच आहे नं! अन् उद्या तिथं कुणी पडलं-झडलं, तर आपल्याला म्हणता येते की पाटी होती बा.”

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मुकादमाचे म्हणणे वरवर पाहता खोटे नव्हते. सावध राहायला सांगितल्याने कुणाचे नुकसान व्हावे, हे कुणाच्याही लवकर ध्यानात येत नाही. मग त्यांनी कारखान्यातली एक रीत सांगितली.

“आमच्या मिलमध्ये मोठाल्या मोटारी. त्यातली एक दुरुस्त करायची, तर आधी शटडाऊन घ्यावं लागे. स्विच बंद करायचा, फ्यूज काढायचे, तारेत वीज उरली नाही हे तपासायचं, अर्थिंग करायचं. स्विचला कुलूप घालायचं अन् त्यावर लाल टॅग लावायचा. टॅगवर माझं नाव, तारीख, कोणतं काम ते. चावी माझ्या खिशात. आता ऐक. तो टॅग काढायचा अधिकार फक्त माझा. माझा वरचा साहेब आला तरी त्यानं परस्पर काढायचा नाही. अन् काम झालं की तो काढल्याशिवाय मी घरी जायचं नाही.”

“काढायचा नाही ते समजलं,” मुकादम म्हणाला. “पण राहून गेला तर काय होते? मोटार बंद राहते, एवढंच.”

“तसंच आम्हालाही वाटायचं. नवीन होतो तेव्हा कुलूप नसे, नुसता टॅग. आमच्या एका सोबत्याचे टॅग नेहमी राहून जात. मिल थांबून राही. माणसं त्याला शोधत, तो घरी जेवत असे. दोन-तीन वेळा असं झाल्यावर लोक शोधायचे थांबले. ‘त्याचा टॅग आहे, राहिला असेल,’ म्हणून काढून टाकत अन् स्विच चालू करत. एकदा असाच काढला. त्या दिवशी तो खरंच मोटारीवर होता. फोरमननं शेवटच्या क्षणी स्विचवरचा हात धरला म्हणून तो वाचला. त्या दिवशी फोरमननं आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, की ज्यानं आजचा टॅग काढला तो चुकलाच, पण पहिली चूक ज्यानं कालचा टॅग ठेवला त्याची आहे.”

मुकादमाने चहा संपवला. “बरोबर आहे, काकाजी. उद्या गाडी आली की उचलतो.” पण नव्या कामाच्या गडबडीत तो ते विसरला. पाटी उभीच राहिली.

पाऊस सुरू झाला आणि वाहिनी पुन्हा गळू लागली, पहिल्या जागेपासून थोड्याच अंतरावर. संध्याकाळी ठेकेदाराचा निरोप आला की रात्रीतून काम करा, सकाळी लोकांना पाणी पाहिजे. मुकादम आपली माणसे घेऊन आला. घाईत आणलेल्या सामानात दुसरी पाटी नव्हती, दिवा नव्हता, दोरी नव्हती. कुलीने विचारले तेव्हा मुकादमाने रस्त्याच्या कडेला बोट दाखवले. “पाटी आहेच की तिथं.”

पाटी खरोखरच होती. तिच्यावर लिहिलेले त्या रात्री अक्षर न् अक्षर खरे होते. पुढे माणसे होती, खड्डा होता, मातीचा ओला ढीग होता.

रात्री दहानंतर दुपारची पाळी सुटली. एक कामगार मोटारसायकलवरून घरी निघाला. रोजचा रस्ता, रोजचा वेग, डोक्याला हेल्मेट. तो दारू प्यालेला नव्हता की शर्यत लावत नव्हता. त्याने पाटी पाहिली आणि तो पुढे गेला. ढीग दिसला तेव्हा ब्रेक लावायला अंतर उरले नव्हते. गाडी ढिगाला धडकून आडवी झाली आणि घमेले उचलायला वाकलेल्या रेजाच्या अंगावर गेली. तिचा पाय मोडला. मोटारसायकलवाल्याचा खांदा निखळला. खड्ड्यातला कुली थोडक्यात वाचला.

लोक जमले. कुणीतरी मोटारसायकलवाल्यावर ओरडले, “पाटी दिसत नाही का?” तो खांदा धरून रस्त्यावर बसला होता. तो म्हणाला, “दिसली. पण ती तर रोजच दिसते.”

दुसऱ्या दिवशी काम पाहणारे अभियंते आले. त्यांनी जागा मोजली, फोटो काढले आणि कागदावर लिहिले की सूचनाफलक योग्य अंतरावर होता. मुकादमाला हायसे वाटले. त्याने ज्या ढालीसाठी पाटी ठेवली होती, ती ढाल कामी आली होती. पण गर्दीत आजोबा उभे होते. ते पुढे येऊन म्हणाले, “साहेब, त्याच्यापुढे एवढं लिहा, की हा फलक काम नसतानाही इथंच उभा होता. काल त्या माणसानं वेग कमी केला नाही, याचं कारण तो फलकच आहे.”

अभियंत्यांनी वर पाहिले. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी ते लिहून घेतले.

मुकादमाला मात्र राग आला. “काकाजी, पाटी लावली तरी आम्हीच चुकलो, नाही लावली तरी आम्हीच. आता यापुढं लावतच नाही!”

आजोबांनी रायपूरच्या दिशेला हात केला. “कुम्हारीचं विसरलास? २०२२ चा डिसेंबर. अर्धवट राहिलेल्या उड्डाणपुलावर रात्रीच्या अंधारात एक मोटारसायकल गेली. पुढे पूलच नव्हता. नवरा-बायको गेले, लेकरू तेवढं वाचलं. जिथं रस्ता संपतो तिथं वाट अडवलेली हवी, पाटी हवी, दिवा हवा. पाटी लावू नको असं मी कधीच म्हटलं नाही. ती खरी असू दे, एवढंच म्हणतो. काम आहे अन् पाटी नाही, ही एक लबाडी. काम नाही अन् पाटी आहे, ही दुसरी. दुसरीनं लगेच माणूस मरत नाही, म्हणून ती आपल्याला लबाडी वाटत नाही.”

मुकादम काही बोलला नाही. दुपारी तो सेक्टर ९ च्या रुग्णालयात त्या रेजाला पाहायला गेला. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. रोजीवर जगणारी बाई. हात चालले तर चूल पेटणार. तिने मुकादमाला दोष दिला नाही. तिने एवढेच विचारले, “आम्ही तर पाटीच्या भरवशावर पाठ करून काम करत होतो. मग गाडी आली कशी?”

या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ होते, पण ते तिला सांगायची त्याची हिंमत झाली नाही. आपली ढाल कुणाच्या अंगावरून काढून आपण आपल्या अंगावर घेतली, हे त्याला त्या खाटेजवळ कळले.

परतताना तो थेट आजोबांकडे आला. “काकाजी, तुमच्या टॅगचं परत एकदा सांगा.”

आजोबांनी पुन्हा सांगितले आणि त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली. भिलाईत जे रूळ तयार होतात, त्यांच्यावरून देशभर गाड्या धावतात. रुळांचे काम सुरू असेल तिथे गाडीच्या चालकाला आधी लेखी सूचना मिळते. मार्गाच्या कडेला वेग कमी करण्याचे फलक लावतात. आणि जिथे ती मर्यादा संपते, तिथे संपल्याचाही फलक असतो. चालक तो फलक पाहून पुन्हा वेग घेतो. काम झाले की हे सारे फलक निघतात. म्हणूनच पुढच्या वेळी फलक दिसला की चालक शंका घेत नाही. वेग कमी करतो. “कुठं सावध व्हायचं हे सांगणारानं, कुठं मोकळं व्हायचं हेही सांगितलं पाहिजे,” आजोबा म्हणाले.

मुकादमाने त्या दिवसापासून आपल्या कामावर तीन नियम घातले. प्रत्येक पाटीच्या मागे खडूने लिहायचे : कुणी लावली, कोणत्या तारखेला, कोणत्या कामासाठी. जेवणाची सुट्टी असो की रात्रीची, रस्ता मोकळा असेल आणि माणसे नसतील, तर पाटीवर पोते चढवायचे. मात्र खड्डा उघडा राहणार असेल, तर पाटी तशीच ठेवून तिथे दिवा लावायचा आणि वाट अडवायची. आणि काम संपले की फावडी, घमेली, पहारी यांच्याबरोबर पाट्याही मोजायच्या. एक कमी भरली, तर गाडी हलणार नाही.

ती जुनी पाटी त्याने स्वतः उपटली. पण तिने घालवलेला विश्वास तिच्याबरोबर परत आला नाही. त्याच रस्त्यावर पुढचे काम निघाले, तेव्हा पाटी खरी होती, दिवा होता, तरी गाड्या पहिल्याच वेगाने येत. मुकादमाला एका कुलीला लाल झेंडी देऊन रस्त्यात उभे करावे लागले. बऱ्याच दिवसांनी, बरीच कामे होऊन गेल्यावर लोकांच्या ध्यानात आले, की हा माणूस पाटी लावतो तेव्हा पुढे खरोखर काम असते. मग शाळेच्या बसचा चालक पुन्हा पाटीपाशी वेग कमी करू लागला. खोटी पाटी एका संध्याकाळच्या आळसाने उभी राहिली होती. तिची भरपाई करायला सारा पावसाळा लागला.

गोष्ट इथे संपते. पण ती ज्यासाठी सांगितली, ते बोलायला हवे.

मुकादमाने जे नियम आपल्या अनुभवातून घातले, त्यांचे मर्म देशात आधीपासून लिहिलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीचे मानदंड ठरवणारी संस्था. रस्त्यावरच्या चिन्हांविषयीच्या तिच्या ६७ क्रमांकाच्या संहितेत फावडे घेतलेल्या माणसाच्या चिन्हाबद्दल स्पष्ट सांगितले आहे, की माणसे आणि यंत्रे प्रत्यक्ष काम करत असतील तेव्हाच ते लावावे आणि काम पूर्ण झाले की काढून टाकावे. कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळायची, यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले १९८-अ हे कलम सांगते, की रस्त्याच्या बांधकामात वा देखभालीत सुरक्षेचे मानदंड न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला वा सल्लागाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियम तर आहेतच. पण पाटी लावणे कामात मोजले जाते आणि काढणे कुणाच्याच कामात मोजले जात नाही, तोवर ती उभीच राहते.

भिलाईला हे परक्याने सांगण्याची गरज नाही. २०१४ च्या जूनमध्ये कारखान्यात विषारी वायूच्या गळतीने माणसे गेली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये कोक ओव्हनच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम सुरू असताना आग लागून माणसे गेली. दुरुस्तीला गेलेल्या माणसाचा जीव बाहेरच्या माणसाच्या सावधपणावर कसा टांगलेला असतो, हे या गावातल्या घराघरांना ठाऊक आहे. कारखान्याच्या फाटकाच्या आत जी शिस्त जीव वाचवते, तीच फाटकाबाहेरच्या रस्त्यावरही वाचवते.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. त्या गोष्टीत खोटे ओरडणाऱ्या मुलाचेच नुकसान होते, म्हणून तो शहाणा होतो. रस्त्यावर तसे होत नाही. खोटी पाटी ठेवणारा त्या रात्री घरी झोपलेला असतो किंवा कडेला उभा असतो. लांडगा येतो तो खड्ड्यात उतरलेल्या कुलीवर, घमेले उचलणाऱ्या रेजावर आणि पाळी संपवून घरी निघालेल्या कामगारावर. ज्यांनी खोटे सांगितले नाही, तेच त्याची किंमत देतात. म्हणून रस्त्यावरचे हे खोटे त्या मुलाच्या खोट्यापेक्षा मोठे आहे.

तात्पर्य : इशारा हा शब्द आहे आणि शब्द खरा असेल तोवरच त्याला वजन असते. काम सुरू करताना पाटी लावावी, काम संपताच काढावी आणि ज्याने लावली त्यानेच काढावी. पाटी काढल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये आणि त्याचे बिलही मंजूर करू नये. वाचकहो, तुमच्या रस्त्यावर अशी एखादी पाटी विनाकारण उभी असेल, तर तिच्या शेजारून मुकाट जाऊ नका. ज्याचे काम होते त्याला सांगा, वॉर्डात कळवा, ती काढेपर्यंत विचारत राहा. आणि ती उभी आहे तोवर, पुढे कुणी राबत असेल असे समजून वेग कमी करा.